खंडेनवमीनंतरची कोरी पट्टी

ज्याच्या साक्षीवर इतरांचा निर्णय अवलंबून असतो, त्याच्यावर दोन ऋणे असतात. जे आहे त्याला ‘आहे’ म्हणावे, हे पहिले; ते तुलनेने सोपे. जे दिसत नाही त्याला ‘नाही’ म्हणण्यापूर्वी आपली ओळखण्याची शक्ती शाबूत आहे ना, याची खात्री करावी, हे दुसरे. आणि ते फार अवघड. कारण शक्ती गेली की ती गेल्याचे सांगण्याचे सामर्थ्यही तिच्याबरोबरच जाते. उरते ते केवळ मौन, आणि त्या मौनालाच लोक उत्तर समजतात. माझ्या हातून हे दुसरे ऋण फिटले नाही. ते कसे राहिले आणि शेवटी कोणी फेडले, हे सांगून मग मी निरोप घेईन.

मित्रांनो, मी एक जुने प्रतिपिंड आहे. प्रयोगशाळेतील तरुण मंडळी मला ‘अँटीबॉडी’ म्हणतात. करंगळीच्या अर्ध्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या नळीत, तळाशी साचलेले दोन थेंब, एवढेच माझे दृश्य रूप. त्या दोन थेंबांत आम्ही कोट्यवधी आहोत. परंतु सर्वांचा ध्यास एकच, म्हणून मी स्वतःला ‘मी’ असेच म्हणते.

मनुष्याच्या पेशीत हजारो प्रकारची प्रथिने नांदतात. त्यांतील एकच मला ओळखता येते. त्या प्रथिनाचे काम मोठे विलक्षण आहे. जी जनुके अवेळी जागी होऊ नयेत, त्यांच्यापाशी बसून ते त्यांना निजवून ठेवते. म्हणून शास्त्रज्ञ त्याला ‘रोधक’ म्हणतात. पेशीतून हा रोधक नाहीसा झाला, तर निजलेली जनुके भलत्या वेळी उठत असतील आणि त्यातूनच शरीरात गाठ धरत असेल काय, अशी शंका माझ्या प्रयोगशाळेला होती. तिचे उत्तर शोधण्यासाठी मला आणले होते. पेशींचा अर्क एका पांढऱ्या पातळ पट्टीवर उतरवतात आणि तिच्यावर मला सोडतात. रोधक असेल तर मी त्याला घट्ट धरते, आणि यंत्राच्या पडद्यावर त्या जागी काळी रेघ उमटते. नसेल तर धुण्याच्या पाण्याबरोबर मी वाहून जाते आणि जागा कोरी राहते.

माझा जन्म एका सशाच्या रक्तात झाला. दूरदेशीच्या प्राणिशाळेत एक पांढरी मादी होती. तिला नाव नव्हते, कानात एक क्रमांक होता. मानवी रोधकाचा एक लहानसा तुकडा तिच्या अंगात टोचला गेला, आणि हे परके कोण आले म्हणून तिच्या देहाने जी ओळख घडवली, ती ओळख म्हणजे मी. ज्या माणसाला तिने कधी पाहिले नाही, त्याच्या पेशीतील एका प्रथिनाची खूण तिने आपल्या रक्तात जपली. दुसऱ्या सशाने घडवलेले प्रतिपिंड माझ्यासारखे असेल, परंतु ते मी नसेन.

बर्फाच्या पेटीतून प्रवास करीत मी पुण्यातील एका संशोधनसंस्थेत आले. तेथे माझा ताबा सुनीतीकडे आला. ती मूळची वाशीमची, पीएच.डी.साठी येऊन कर्वेनगरात तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहिलेली. वितळणे आणि पुन्हा गोठणे मला सोसत नाही, हे ती जाणून होती. म्हणून पहिल्याच दिवशी तिने मला चोवीस लहान नळ्यांत वाटले. एका वेळी एकच नळी काढायची, बाकीच्यांची झोप मोडायची नाही, हा तिचा नियम. नळीच्या झाकणावर ती बारीक, वळणदार अक्षरांत तारीख लिही.

ती तीन वर्षे माझ्या आयुष्यातील सोन्याची. पहिल्या दिवशी पडद्यावर रेघ उमटली, तेव्हा तिच्या मार्गदर्शक डॉ. कौशल्या मुद्दाम चष्मा लावून पाहायला आल्या. त्यांना सगळे ‘मॅडम’ म्हणतात, आणि त्यांच्या तोंडून स्तुती सहसा निघत नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “स्वच्छ आहे.” सुनीतीने तो दिवस सणासारखा काढला.

काटकसर तर तिच्या हाडीमाशी. पट्टीवर सोडलेले माझे पातळ द्रावण ती टाकून देत नसे; पुन्हा भरून ठेवी आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वापरी. तिच्या शेजारच्या टेबलावरचा केयूर, सदाशिव पेठेतला, तिच्याहून दोन वर्षांनी लहान, हे पाहून म्हणे, “ही अँटीबॉडी आहे का लोणच्याचा खार? पुरवून पुरवून किती वर्षं खाणार आहेस?”

“तुला मागायला येणार नाही, एवढं नक्की,” सुनीती म्हणे.

मग एके दिवशी कंपनीचे पत्र आले. ती मादी मरण पावली होती, आणि तिच्या रक्तातून आलेला साठा संपला होता. सुनीतीने पत्र दोनदा वाचले, फ्रीझर उघडला आणि बोटाने मोजले. तीन नळ्या उरल्या होत्या.

त्याच पंधरवड्यात शहरातील एका रुग्णालयातून नऊ रुग्णांच्या गाठींचे नमुने आले. नऊ जणांनी, आपल्यानंतर येणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून, सही करून दिलेले ते कण. सुनीतीच्या तीन वर्षांच्या खटाटोपाचा शेवटचा प्रश्न त्यांच्यापाशी होता. ह्या नऊ जणांच्या गाठीत रोधक आहे की नाही? आणि ते सांगण्यासाठी तीन नळ्यांत मी होते. दसरा होऊन गेला की कामाला लागायचे, असे ठरले.

आता दिगंबरकाकांविषयी सांगितले पाहिजे. ते आमच्या प्रयोगशाळेचे सेवक. एकतीस वर्षे नोकरी झालेली, डिसेंबरअखेर निवृत्ती. काचेचे एक भांडे त्यांच्या हातून कधी फुटले नाही. खंडेनवमीला सुतार करवत पुजतो, शिंपी यंत्र पुजतो, तशी दिगंबरकाका सारी प्रयोगशाळा पूजत. आदल्या दिवशी मार्केट यार्डातून झेंडू आणायचा, पहाटे माळा ओवायच्या. त्यांचा एक कडक दंडक होता. चालत्या यंत्राला हळदकुंकू लावायचे नाही. “काम करणाऱ्याला ओवाळताना आधी त्याला पाटावर बसवावं,” असे ते म्हणत. म्हणून आमचा कोपऱ्यातला जुना फ्रीझरही ते बंद करीत, आम्हांला बर्फाच्या पेटीत काढून ठेवीत, आतले हिम पुसून काढीत, दारावर स्वस्तिक रेखीत, आरती होताच आम्हांला परत आत ठेवून बटण दाबीत. तासाभराचे काम. इतक्या वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती. रुग्णांचे नमुने दुसऱ्या, फार अधिक थंड पेटीत असत. तिला मात्र ते बाहेरूनच नमस्कार करीत.

यंदा माळ लांब झाली होती. फ्रीझरच्या माथ्यावरून ती भिंतीवरच्या बटणावर आली आणि खालचा लाल दिवाही तिने झाकला. आरती झाली. काकांनी आम्हांला परत आत ठेवले, दार लावले आणि बटणाकडे हात नेणार इतक्यात दारातून मॅडमचा आवाज आला, “दिगंबर, पेढे आधी वरच्या मजल्यावर द्या. ते लोक निघालेत.” काका ताट घेऊन गेले. परत आले तेव्हा माळ होती, स्वस्तिक होते, उदबत्ती शांत झाली होती. सगळे जसे असावे तसे दिसत होते. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दसरा. शुक्रवारी बहुतेकांनी रजा टाकली. मग शनिवार आणि रविवार.

मित्रांनो, आश्विनातले ते पुण्याचे ऊन तुम्हांला ठाऊक आहे. बंद पेटीत ते पाच दिवस मी कसे काढले, हे सांगू नये असे वाटते. पहिल्या संध्याकाळी भिंतींवरचा गारवा गेला. दुसऱ्या दिवशी मी पाणी झाले. माझे सामर्थ्य माझ्या घडीत असते. विशिष्ट वळणाने दुमडलेले दोन हात, त्यांच्या टोकाशी त्या रोधकाच्याच मापाची मूठ. ऊब वाढत गेली तशी ती घडी उलगडू लागली. माझे हात माझ्याच हातांत गुंतले. कोट्यवधींतला एक एक जण दुसऱ्याला बिलगून गोळा होत गेला. मी कोणाला हाक मारणार होते? बाहेर झेंडू सुकत होता, आणि आत मी स्वतःला हरवत होते.

सोमवारी सकाळी साडेसातला काकांनी वाळलेली माळ उतरवली. दिवा विझलेला पाहून ते तसेच उभे राहिले. दार उघडून त्यांनी एक नळी उजेडात धरली, हलवली. मग बटण दाबले, फडके आणून आतले पाणी पुसले आणि हळू आवाजात स्वतःलाच सांगितले, “परत गोठेल.” त्यांचे चुकलेच. परंतु ते लबाडी करीत होते असे मला आजही वाटत नाही. दूध नासते, भात आंबतो; औषधाचे पाणी गोठले, वितळले, पुन्हा गोठले तर काय बिघडते, हे त्यांना कोणी कधी सांगितले नव्हते. निवृत्तीच्या तोंडावर बोल लागेल, ही भीती होती. त्या भीतीने जीभ धरली, आणि अज्ञानाने तिला आधार दिला.

मंगळवारी सुनीतीने माझी एक नळी काढली. पट्टीवर उतरवण्याआधी अर्क ज्या जेलच्या जाळीत भरतात, तिच्यात दहा कप्पे असतात. एकात प्रथिनांचे आकार ओळखण्यासाठी मापाची खूण, उरलेल्या नऊंत नऊ रुग्ण. केयूरने वाकून पाहिले.

“पॉझिटिव्ह कंट्रोल कुठंय?”

ज्या पेशींत रोधक भरपूर असतो हे पक्के माहीत आहे, अशांचा अर्क एका कप्प्यात शेजारी लावावा, म्हणजे माझी शक्ती शाबूत आहे की नाही ते त्या कप्प्यावरून कळते. त्याविषयी तो विचारत होता.

“कप्पा कुठे उरलाय? दुसरी जाळी लावली तर अजून एक ट्यूब जाईल. मागच्या महिन्यात ह्याच लॉटनी किती सुंदर बँड दिला. तीन वर्षांत एकदा तरी दगा दिलाय का हिनं?”

“नाही बाबा. तू आणि तुझा खार.”

तिचा माझ्यावरचा तो विश्वास ऐकून मला जे वाटले, ते कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

तिने मला पट्टीवर सोडले. मी त्या नऊ जणांच्या अर्कांवरून वाहू लागले. कोणाच्या अर्कात रोधक होता, कोणाच्या नव्हता, हे ओळखणे हेच माझे जगणे. आणि मला काहीच कळेना. हात होते, पण मूठ वळत नव्हती. ज्याच्यासाठी मी जन्मले, तो कदाचित माझ्या अंगाला घासून जात होता, आणि मी त्याला परक्यासारखी ओलांडून जात होते. मग धुण्याचे पाणी आले आणि मला घेऊन गेले.

बुधवारी पडदा उजळला. नऊ जागा, नऊही कोऱ्या. दुसरे एक प्रतिपिंड, जे प्रत्येक पेशीत असणारे एक सर्वसामान्य प्रथिन ओळखते, ते साध्या फ्रिजमध्ये सुरक्षित राहिले होते. त्याच्या रेघा नऊही ठिकाणी ठसठशीत आल्या. म्हणजे नमुने उत्तम होते, फक्त रोधक नव्हता. निदान दिसत तसे होते.

मॅडम खुर्चीत बसून बराच वेळ पाहत राहिल्या. “नऊच्या नऊ,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी अकरा वाजता हॉस्पिटलचे डॉक्टर येतायत. त्यांच्यासमोर तूच मांड. आणि लिहायला घे, उशीर नको.”

सुनीतीने दुपारी वाशीमला वडिलांना फोन लावला. तिचे वडील हिंमतराव शाळेतून निवृत्त झालेले. “बाबा, झालं,” एवढेच ती म्हणाली.

मी फ्रीझरमध्ये उरलेल्या दोन नळ्यांत गोठून होते. शुक्रवारी अकरा वाजता एक असत्य सुनीतीच्या तोंडून बोलले जाणार होते, आणि ते असत्य आहे हे तिला ठाऊक नव्हते. डॉक्टर ते घेऊन जातील. त्या नऊ जणांच्या कागदावर ‘नाही’ असे लिहिले जाईल. कोणी त्यावर आणखी काही रचील. पुढे कधीतरी कोणी पडताळून पाहील आणि म्हणेल, त्या मुलीने खोटे मांडले. फ्रीझर दिवसातून दहा वेळा उघडला जाई. प्रत्येक वेळी माझ्या सर्व अस्तित्वाने मी विनवी, मला विचार, मला एकदा तपासून पाहा. दार बंद होई. प्रार्थनेलाही कंठ लागतो, मित्रांनो.

गुरुवारी सकाळी काका चहा घेऊन आले. केयूर एकटाच होता.

“आज सगळे खुशीत दिसतायत,” काका म्हणाले.

“मग. नऊ पेशंट, आणि एकातही ते प्रोटीन नाही. सुनीतीचं भाग्य फळफळलं. त्या कोपऱ्यातल्या फ्रीझरमधल्या ट्यूबनं.”

काकांनी हातातली बशी टेबलावर ठेवली. “केयूर, एक विचारू का? ते गोठवून का ठेवतात हो?”

“उगाच. आम्हाला थंडीची हौस आहे.” मग काकांचा चेहरा पाहून तो सरळ बसला. “ती उबेत राहिली की मरते, काका. दिसायला तसंच पाणी दिसतं. पण मग तिला काही ओळखू येत नाही. मेलेल्या पहारेकऱ्याला विचारलंत, कोणी आलं होतं का, तर तो काय सांगणार? कोणी नाही.”

चहाचे ताट तेथेच राहिले. दुपारपर्यंत ते तीनदा सुनीतीच्या टेबलापाशी आले आणि तीनदा परत गेले. चौथ्यांदा आले तेव्हा टोपी हातात होती.

“सुनीतीताई.”

“काय काका? पेढे उद्या, आज नाही.”

“तो फ्रीझर बंद राहिला होता. खंडेनवमीपासून सोमवारपर्यंत. माझ्या हातून. मी सोमवारी पाहिलं, आणि बोललो नाही.”

सुनीती हसत होती. ते हसू ओठांवर तसेच राहिले आणि डोळ्यांतून निघून गेले. तिने विचारले, “पाणी झालं होतं?”

“पूर्ण.”

ती उठली नाही, रागावली नाही. म्हणाली, “काका, तुम्ही बसा. उभे नका राहू.” आणि मग तिने माझी दुसरी नळी काढली.

त्या दिवशी तिने जाळी लावली नाही. एका लहानशा पांढऱ्या तुकड्यावर तिने रोधकाने भरलेल्या माहितीच्या पेशींच्या अर्काचा एकच थेंब ठेवला, तो वाळू दिला आणि मला त्याच्यावर सोडले. काळा ठिपका आला असता, तर उद्याची सभा झाली असती, शब्द खरे ठरले असते, सारे सुरळीत झाले असते. तीन तास ती आणि काका समोरासमोर बसून होते. संध्याकाळी पाच वाजता पडदा उजळला. तुकडा कोरा होता.

तो कोरा तुकडा माझ्या मरणाचा दाखला होता. आणि मी सांगते, इतक्या वर्षांत उमटवलेल्या साऱ्या काळ्या रेघांपेक्षा मला त्या कोरेपणाने अधिक मोकळे केले. प्रथमच कोणीतरी मला विचारले होते, तू आहेस का? आणि मला खरे उत्तर देता आले होते. नाही.

सुनीती आणि काका मॅडमच्या खोलीत गेले. मॅडमनी सारे ऐकून घेतले, मग फोन उचलून रुग्णालयाला सांगितले, “उद्या येऊ नका. आमचा निकाल चुकलाय.” फोन ठेवून त्या काकांकडे वळल्या. “एकतीस वर्षं सांभाळलंत आणि एक दिवस विसरलात, हे मी समजू शकते. सोमवारी बोलला नाहीत, ते कसं समजून घेऊ?”

काकांनी मान खाली घातली.

“आणि तू,” मॅडम सुनीतीला म्हणाल्या, “नऊ पेशंट लावलेस आणि कंट्रोल लावला नाहीस. ही आंधळी पूजा कोणी सांगितली होती?” चष्मा काढून, त्या स्वतःशीच म्हणाल्या, “मीही विचारलं नाही. नऊच्या नऊ पाहिले आणि विचारलं नाही.”

नोंदवहीत काकांनी स्वतःच्या हाताने ओळ लिहिली. यंत्र बंद राहिले, इतके दिवस, माझ्या चुकीने, आणि मी ते सांगितले नाही. खाली सही.

आता पुढे काय, याचा हिशेब सुनीतीने मॅडमसमोर उभ्या उभ्याच केला. दुसऱ्या सशाचे प्रतिपिंड मागवावे लागेल. ते विश्वासू आहे की नाही हे पाहण्यात महिने जातील. आणि तिची शिष्यवृत्ती मार्चअखेर संपते. रुग्णांचे अर्क फार तर आणखी एका जाळीपुरते आहेत. माझ्या साक्षीने केलेले तीन वर्षांचे काम नव्या साक्षीदाराशी जुळेल की नाही, कोणी सांगावे. ती बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसली आणि वडिलांना फोन केला.

“बाबा, नाही झालं. चुकलं होतं.”

“बरं,” हिंमतराव म्हणाले. “जेवलीस का?”

“नाही.”

“आधी जेव.”

शेवटची नळी अजून उरली आहे. झाकणावर सुनीतीने तांबडी फुली मारली आहे, म्हणजे चुकूनही कोणी माझ्यावर विश्वास ठेवू नये. उद्या सकाळी टाकाऊ द्रव्यांच्या पिशवीतून मी जाईन. मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, कार्यालयात जे कोणी तुमच्यासाठी गुपचूप राबते, त्याची पूजा अवश्य करा. पण ते अजून जिवंत आहे ना, हेही कधी कधी विचारा. कोरी जागा दिसली की लगेच निष्कर्ष लिहू नका. आणि आपल्या हातून काही बिघडले असेल, तर ते सोमवारी सकाळीच सांगा. गुरुवारी सांगणे त्याहून कठीण होते. तरीही दिगंबरकाकांनी ते सांगितले, हे मी विसरणार नाही.

काकांची निवृत्ती शांतपणे होवो, आणि त्यांची मान पुन्हा वर होवो. सुनीतीला नवा साक्षीदार प्रामाणिक लाभो, आणि मार्च तिच्यासाठी थोडा थांबो. आणि ते नऊ जण, ज्यांची नावे मला कधी कळली नाहीत, ज्यांना मी काहीच सांगू शकले नाही, त्यांना आरोग्य लाभो. कल्याण असो.